वहीतला शेवटचा रकाना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी अजूनही माहेरी जाते. यंदाही गेले. अमळनेरला उतरून पुढे एसटीने अर्धा तास, आणि गावात शिरलं की निंबावर टांगलेले झोके दिसायला लागतात. सकाळी पितरांच्या घागरी भरून झाल्या होत्या, घागरीवर ठेवलेल्या डांगराचा वास ओसरीभर पसरला होता, आत वहिनी खापरावर मांडे टाकत होती. बाहेर पारावर पत्त्यांचे डाव बसले होते. माझा भाचा भूषण मात्र ओसरीच्या कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसला होता. मांडीवर कागद, कागदावर पेन, हातात फोन. नाशिकच्या एका कंपनीतून अकरा वाजता फोनवर मुलाखत होती. फोनवर तर शर्ट दिसत नाही, पण तो इस्त्री करून बसला होता. साडेदहाला बर्फ संपला. कुणाला धाडायचं अशी चर्चा सुरू झाली तेव्हा पारावरून कुणीतरी म्हणालं, "तो ते घरच शे, त्याले धाडा." भूषणने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कागदाची घडी करून खिशात घातली आणि मोटरसायकलची चावी उचलली. फोन आला तेव्हा तो रस्त्यात होता. बाजूने ट्रॅक्टर चालले होते, पुढे कुठल्याशा वरातीचा बँड वाजत होता. पलीकडचा माणूस म्हणाला, आवाज येत नाही, नंतर करतो. तो नंतर काही आला नाही. भूषणने दुपारी दोनदा लावला, कुणी उचलला नाही. रात्री गच्चीवर अंथरुणं घालताना त्याने हे मला सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "जाऊ दे आत्या, तसंही घेतलं नसतं त्यांनी."

मला झोप लागली नाही. त्याच्या त्या शेवटच्या वाक्याने लागली नाही.

घरातल्या कुणाचाही यात दोष नव्हता. वहिनीचा जीव त्या पोरात आहे, माझ्या भावाने, बापूने, त्याच्या डिप्लोमासाठी कापसाचे दोन हंगाम सावकारीत घातले. पण तोच भूषण तालुक्याच्या बँकेत कामाला असता तर सणाच्या दिवशीही त्याला अकराच्या ठोक्याला बर्फ आणायला कुणी पाठवलं नसतं. कामावर असलेल्या माणसाची वेळ सगळ्यांना दिसते. काम शोधणाऱ्याची वेळ कुणालाच दिसत नाही, आणि हळूहळू ती त्याची त्यालाही दिसेनाशी होते. गॅसचा नंबर लावायला तोच, आजीला दवाखान्यात न्यायला तोच, पाहुण्याला स्टँडवर सोडायला तोच, मोटर चालू करायला रात्री दोनला शेतात तोच. दिवस असा तुकड्यातुकड्याने वाटला जातो. मग रात्री सगळे झोपल्यावर तो फोन हातात घेतो आणि दिसेल त्या जाहिरातीवर 'अप्लाय' दाबत सुटतो. सकाळी एखादी मुलगी फोन करून विचारते, "आपण आमच्याकडे अर्ज केला होता ना?" आणि याला आठवतच नाही कुठली कंपनी, कुठलं पद. तो अडखळतो. तिकडे फोन ठेवला जातो.

भूषण मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल मोजून तपासायला, होता, पण कंपनीचा नव्हे, कंत्राटदाराचा. आमच्या भागातल्या मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही. वर्ष भरायच्या आत 'ब्रेक' मिळतो आणि मुलं बॅगा घेऊन गावी येतात. तो मार्चमध्ये परतला. हरभरा निघत होता, घरी हात हवेच होते. महिना गेला, दीड गेला. गावात भेटेल तो विचारायचा, "नोकरीनं काय व्हयनं रे?" विचारणारा मायेनेच विचारतो. पण एकाच दिवसात चार जणांनी विचारलं की माणूस पाचव्याच्या गल्लीतून जायचं टाळतो. भूषणने संध्याकाळी पारावर जाणंच सोडलं होतं.

त्या रात्री गच्चीवर मला अण्णांची वही आठवली. अण्णा म्हणजे आमचे थोरले भाऊ. ऐंशीच्या दशकात ते नोकरी शोधत होते तेव्हा भुसावळला मामांकडे राहायचे. मामा रेल्वेत. दोन खोल्यांचं क्वार्टर, बाहेर सतत शंटिंगचा आवाज, आणि कोळशाची कणी बसून करडे झालेले वाळत घातलेले कपडे. भुसावळात तेव्हा प्रत्येक घरातून एक पोरगा रेल्वेकडे डोळे लावून असायचा, दुसरा ऑर्डनन्स फॅक्टरीकडे आणि तिसरा दीपनगरच्या वीजकेंद्राकडे. अण्णा स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून 'रोजगार समाचार' आणायचे. जाहिरातींच्या कडेने लाल पेनाने चौकटी करायचे. मग पोस्टल ऑर्डर, स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट, राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मारून आणलेल्या गुणपत्रिकेच्या प्रती. त्या शिक्क्यासाठी एका साहेबांच्या बंगल्याबाहेर ते तासन्‌तास उभे राहायचे. आता स्वतःच्या सहीवर भागतं, ते एक बरं झालं. सेवायोजन कार्यालयाचं कार्ड घडीवर फाटलं होतं, त्याला मागून कागद चिकटवलेला. नूतनीकरणाची तारीख चुकली तर इतक्या वर्षांची ज्येष्ठता जाईल या धसक्याने मामींनी ती तारीख देवघराच्या फळीवर खडूने लिहून ठेवली होती.

वही साधी होती, दोनशे पानी, किराणा दुकानात मिळते तशी. त्यात प्रत्येक अर्जाला एक ओळ. जाहिरात कधीची, पोस्टल ऑर्डरचा नंबर काय, रजिस्ट्री कधी केली. रजिस्ट्रीची पावती कणकेच्या खळीने त्याच पानावर चिकटवलेली, त्यामुळे पानं फुगून वही मिटायचीच नाही. पण अण्णांच्या वहीपेक्षा मला त्या घरातला एक नियम जास्त आठवतो. मामी कडक. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की दहा ते एक याला हाक मारायची नाही. दळण असो, रॉकेलची रांग असो, पाहुणा असो. अण्णा नऊला आंघोळ करून, पँट-शर्ट घालून, चटईवर वही घेऊन बसायचे. मी तेव्हा सुट्टीत जायची आणि मला वाटायचं अण्णा आधीच नोकरीला लागलेत. एक वाजता मामी ताट वाढायच्या, आणि ते ताट रेल्वेतून आलेल्या मामांच्या ताटाशेजारीच असायचं.

नोकरी शेवटी त्या वहीतल्या कुठल्याच ओळीतून लागली नाही, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. वर्कशॉपमध्ये ओळख झालेल्या एका टर्नरचा मेहुणा नाशिकला सातपूरच्या कारखान्यात होता. तिथे दोन जागा निघाल्याचं संध्याकाळी कळलं आणि सकाळी तिथे पोहोचायचं होतं. अण्णांची फाइल तयार होती. मूळ कागद एका बाजूला, प्रती दुसऱ्या बाजूला, फोटो पाकिटात. मामींनी दशम्या बांधून दिल्या आणि ते रात्रीच्या गाडीत बसले. त्यांच्याबरोबर निघायचं ठरलेला दुसरा मुलगा आयटीआयचं सर्टिफिकेट गावाकडे राहिलं म्हणून थांबला. तो मुलगा कामात अण्णांपेक्षा चांगला होता, असं अण्णाच सांगतात. तेवढ्या एका रात्रीने दोघांची आयुष्यं वेगळी झाली.

जूनच्या सुरुवातीला मी भूषणला जळगावला माझ्याकडे बोलावून घेतलं. वहिनीला वाटलं मी त्याला कुठे चिकटवणार आहे. मी शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलेली बाई, माझी कुठे एवढी ओळख? मी त्याला फक्त मागची खोली, एक टेबल आणि नऊ ते एक एवढा वेळ देऊ शकत होते. खिडकीत कूलर आहे, त्याच्या गवताला ओला वास येतो. बाहेर जळगावचा उन्हाळा अजून सरलेला नव्हता, दहा वाजताच गल्ली सामसूम व्हायची. मी आमच्या घरात सांगून टाकलं, शेजारच्या काकूंनाही सांगितलं की भूषण एकपर्यंत कामावर असतो. काकूंनी विचारलं, "कुठं लागला?" मी म्हटलं, सध्या स्वतःच्याच कामावर आहे.

पहिल्या दिवशी त्याने वही आणली आणि रकाने आखायला बसला. तारीख, कंपनी, कुणाकडून कळलं, कुणाशी बोललो, काय म्हणाले. मी म्हटलं, आणखी एक रकाना काढ, पुढचा फोन कधी. त्याला तो पटेना. "ते म्हणतात आम्ही कळवू. मग आपण कसा करायचा?" शाळेत इतकी वर्षं मी आलेले अर्ज पाहिले आहेत. कुणी मुद्दाम कुणाचा अर्ज बाजूला सारतं असं क्वचितच होतं. त्यावर दुसरा गठ्ठा येतो, मग तिसरा येतो. आठ दिवसांनी एखाद्याने अदबीने चौकशी केली की लिपिक तो गठ्ठा उपसतो आणि त्याचा कागद वर येतो. एवढंच असतं ते. भूषणने शेवटचा रकाना आखला, पण बारीक, कडेला दाबून.

मग यादी. आधी तो जाहिरातींच्या मागे धावत होता, आम्ही ते उलटं केलं. कुठल्या गावात काय बनतं आणि तिथे मोजमाप करणाऱ्या माणसाचं काय काम, असा नकाशाच त्याने काढला. जळगावात पाईप, ठिबकचं सामान, प्लॅस्टिकच्या चटया, डाळ मिल. धुळ्याला अवधानची एमआयडीसी, पुढे नरडाणा. शिरपूरला कापडाच्या गिरण्या. नाशिकला सातपूर, अंबड, सिन्नर. संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा. तापीच्या कडेकडेने जाणारी रेल्वे पकडली की सुरत, आणि सुरतेत उधना-लिंबायतला आपलीच अर्धी माणसं. हे सगळं लिहिताना मला अमळनेर आठवत होतं. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. प्रताप मिलचा भोंगाही आमच्या वडिलांच्या बोलण्यात असायचा. काम चालत आपल्या गावात आलं होतं असा एक काळ होता, आणि त्याची आठवण आमच्या लोकांच्या मनात इतकी घट्ट आहे की पोरगा घरात बसून राहिला तरी कुणालातरी वाटत असतं, येईल काहीतरी. मलाही ती आठवण प्रिय आहे. पण भूषणच्या वहीत तिला जागा नव्हती.

दोन दिवस फोन, दोन दिवस फिरणं, एक दिवस कागदपत्रं आणि अभ्यास, असं त्याने ठरवलं. फिरणं म्हणजे सकाळी आठलाच. अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसीत शिरायचं, गेटच्या फलकावर 'पाहिजेत'चा कागद आहे का पाहायचं, वॉचमनशी बोलायचं. एकदा मीही त्याच्याबरोबर गेले. रस्त्याला तापलेल्या प्लॅस्टिकचा गोडसर, घशाला चिकटणारा वास. डाळ मिलच्या बाजूने गेलं की तुरीचा पिवळा कोंडा भुवयांवर बसतो. एका गेटवरच्या वॉचमनने त्याची फाइल घ्यायला हात पुढे केला, तेव्हा भूषणने आधी विचारलं, "दादा, इथं क्वालिटीचं कोण बघतं? त्यांना कितीला भेटता येईल?" वॉचमनने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलावरचं रजिस्टर उघडून एक नाव आणि वेळ सांगितली. आदल्या आठवड्यात याच पोराने अशाच गेटवर "काही व्हेकन्सी आहे का" एवढंच विचारून मान हलल्यावर परत फिरल्याचं मला सांगितलं होतं. ओळखीच्या माणसांकडेही तो असंच बोलायला शिकला. आधी फोन करून "काही असेल तर सांगा" म्हणायचा. ऐकणारा हो म्हणायचा आणि विसरायचा. त्यात ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही नसतंच. आता तो सुरतेतल्या वर्गमित्राला विचारतो, तुझ्या शॉपमध्ये कुठली मशीन आहेत, तपासणी कोण करतं, भरती कंपनी करते की कंत्राटदार? असं विचारलं की समोरच्याला उत्तर देता येतं, आणि उत्तर देतादेता तो आणखी एक नाव सांगतो.

कागदपत्रांनी मात्र आम्हाला रडवलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. गावात ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलेलं. नोकरी मिळाल्यावर रुजू व्हायच्या दिवशी हे बाहेर येतं आणि तेव्हा हातात वेळ नसतो, म्हणून आधी तेच हातात घेतलं. दुसरी अडचण अनुभवाची. कंत्राटदाराने अनुभवाचं पत्र दिलंच नव्हतं, फोनही उचलत नव्हता. भूषण हताश झाला, चाकणचे ते महिने जणू वाहूनच गेले. पण त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात होता आणि त्याच्याकडे यूएएन, म्हणजे त्या निधीच्या खात्याचा नंबर, होता. २०१४ पासून हा बारा अंकी नंबर नोकरी बदलली तरी माणसाबरोबरच राहतो, आणि त्याचं पासबुक ऑनलाइन निघतं. त्यात महिन्यामहिन्याची रक्कम आणि भरणाऱ्याचं नाव होतं. जोडीला बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी. त्याने दोन्हीच्या प्रती काढल्या, बायोडेटाच्या मागे लावल्या, आणि मला म्हणाला, "म्हणजे मी तिथं होतो." त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

वहीच्या पहिल्या पानावर त्याने लाल पेनाने लिहून ठेवलंय की पैसे मागणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. व्हॉट्सॲपवर मोठ्या कंपनीचं चिन्ह लावून पत्रं येतात. गेटपास, युनिफॉर्म, मेडिकल यांच्या नावाखाली दोन-अडीच हजार भरा म्हणतात आणि पैसे गेले की नंबर बंद. शेजारच्या गावातल्या एका मुलीने तिच्या आईच्या बचत गटाचे पैसे असे घालवले. ती मुलगी हुशार आहे. पण सहा महिने सगळीकडून 'नाही' ऐकलेल्या माणसाला कुणी 'हो' म्हटलं की त्याला शंका घ्यावीशीच वाटत नाही. त्या मुलीला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

सरकारी बाजूही त्याने सोडली नाही. जुनं सेवायोजन कार्यालय आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालंय, नोंदणी महास्वयम्‌च्या पोर्टलवर होते, रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना महिना ८ हजार, सहा महिन्यांसाठी, असं होतं. त्याच्या बरोबरीची काही मुलं त्यातून कार्यालयांत लागली आणि मुदत संपल्यावर पुन्हा गावी आली, काहींना मात्र तिथल्या ओळखीने पुढची वाट सापडली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, हे त्याला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याने यादीतल्या कंपन्यांसमोर हिरव्या पेनाने खुणा केल्या. हे सगळं मी लिहितेय कारण आमच्या गावाकडची पोरं माहितीवाचून अडतात, अकलेवाचून नाही.

शुक्रवार अभ्यासाचा. कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडून त्याने एक जुना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकपट्टी, मागून आणला, डबीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो माझी भांडी मोजत बसायचा. स्टीलच्या पेल्याची कड, तव्याची जाडी, नळाचा वायसर. मुख्य मापावरची रेघ वाचायची, मग सरकत्या पट्टीवरची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते डोळा बारीक करून शोधायचं. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर, त्याहून बारीक मोजणाऱ्या मायक्रोमीटरचा ०.०१. हे त्याला झोपेतही येतं. पण एका मुलाखतीत साहेबांनी प्रश्न न विचारता नुसता व्हर्नियर हातात दिला आणि एक बुश, म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी, मोजायला सांगितलं, तेव्हा त्याचा हात थरथरला होता. मोजताना जबडा किती दाबायचा, हे बोटांना माहीत असावं लागतं. महिनाभर हात रिकामे राहिले की बोटं विसरतात. म्हणून तो रोज मोजायचा. मीही शिकले. माझ्या आईच्या वेळचा पितळी पेला कडेला कुठे किती झिजलाय हे मला आता आकड्यात माहीत आहे.

वाईट दिवसही आले. पाऊस लांबला, गावी दुबार पेरणीची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात दोन ठिकाणांहून नकार. नकाराहूनही जड ते गप्प बसणं. फोन वाजतो, वाजत राहतो, पलीकडे कुणीच नाही. त्या दिवशी तो टेबलाशी बसला पण वही उघडेना. मग त्याने बापूला फोन लावला, पावसाचं विचारायला. बापू बोलायला कमी. म्हणाला, "पाऊस आपल्या हातात नाही भाऊ. पण तो यायच्या आधी वखरून ठेवलेलं वावर आणि न वखरलेलं वावर, यात फरक पडतो." बापूने हे शेताबद्दलच सांगितलं होतं, पोराला शिकवायला नव्हे. त्यानंतर भूषण दर शनिवारी वहीत एकच हिशोब लिहायला लागला. या आठवड्यात मी किती जणांना गाठलं, किती जणांना ठरल्या तारखेला परत फोन केला. नोकरी लागली की नाही हे त्या हिशोबात येतच नाही. मला आधी ते कोरडं वाटलं. पण शनिवारी रात्री तो जेवायचा नीट, हे मी पाहत होते.

आणि तरीही माझं मन पूर्ण त्याच्या बाजूने नाही. ही यादी जितकी लांब होत जाते तितकी ती खान्देशाच्या बाहेर जाते. नाशिक, पुणे, वापी. गावातल्या आळीत आता सणावारीच दारं उघडतात, एरवी म्हातारी माणसं आणि कुलपं. बापूच्या वावरात उद्या कोण उभं राहणार? शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हेही रोजचं झालंय, आणि वहिनीच्या काळजीत पगारापेक्षा तीच गोष्ट मोठी आहे. जळगावात मिळेल त्यापेक्षा चाकणला चार हजार जास्त मिळतील, ते खोलीभाड्यात आणि खाणावळीत जातील. हे आम्ही एका पानावर दोन बाजूंनी लिहून पाहिलं, आणि पान दोन्हीकडे सारखंच भरलं. त्याने जळगाव-धुळ्याची नावं यादीत सर्वांत वर ठेवली. तो त्याचा निर्णय. मी त्याला राहा म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.

श्रावणात वहिनी चार दिवस माझ्याकडे आली. पिशवीत बिबडे, वांगी, कळण्याचं पीठ. सकाळी ती मागच्या खोलीच्या दाराशी मेथी निवडत बसली होती आणि आत भूषण फोनवर बोलत होता. नमस्कार सर, मी मागच्या मंगळवारी बोललो होतो, आपण आज फोन करायला सांगितलं होतं. तिने पोराला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिची बोटं थांबली. फोन झाल्यावर ती आत गेली, वही हातात घेतली, म्हणाली, "हाई काय शे?" तो दाखवत गेला. तिला अक्षरं सावकाश लागतात, आकडे लगेच. ती एकेक पान उलटत शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत होती. पहिल्या पानांवर तो बारीक, कडेला दाबलेला. पुढे पुढे रुंद होत गेलेला, त्यात दोन-दोन तारखा, खोडून पुन्हा लिहिलेल्या. "इतला लोकस्ले फोन कया तू?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. ती काही बोलली नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, त्याला टेबल छोटं पडतंय, गावच्या घरचं मोठं पाठवून देते.

येत्या सोमवारी त्याची नाशिकला प्रत्यक्ष चाचणी आहे. अंबडमधला एक मध्यम कारखाना, थेट कंपनीच्या रोलवर. गेटवरच्या एका वॉचमनने सांगितलेल्या नावावरून पुढे तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचून मिळालेली ही वेळ. फाइल भरून झालीये, मूळ कागद निळ्या कप्प्यात, व्हर्नियर लेथवाल्याला परत करून झालाय. मी म्हटलं, मग मंगळवार-बुधवार गावी जाऊन ये, आईला बरं वाटेल. त्याने वही पुढे केली. मंगळवारी साडेदहाला धुळ्याच्या कंपनीला परत फोन, बुधवारी जळगावातली दोन गेटं. "नाशिकचं झालं तर हे खोडेन," तो म्हणाला, आणि गुरुवारच्या ओळी लिहायला लागला.